कुंकू लावायला जागा

वराळे,
६ जुलै २०२५

सौ. अनितावहिनींना नमस्कार.

आईच्या हुकमावरून हे पत्र लिहिते आहे. परवा फोनवर आपलं जे झालं त्यात माझा आवाज चढला, हे मान्य. तुमचा उतरलेला मी अजून ऐकलेला नाही. पण आईची तक्रार आवाजाबद्दल नाहीच. समोर बसून तिला एक शब्द ऐकू आला नाही, ही तिची तक्रार. नंतर दादाच्या फोनवरून तिने मला फर्मावलं, "तुमी दोगी फोनवर भांडता आन् मला निस्तं अनिताचं तोंड हललेलं दिसतं. कागदावर भांडा. ती मोठ्यांदी वाचंल, म्हंजी मला बी कळंल कुणाचं चुकतंय." कान गेले, पण न्यायनिवाड्याची हौस काही गेली नाही.

तर आई, ऐक. (वहिनी, हे जरा तिच्या कानाशी.) कंपनीची बस बंद झाली. वराळ्यातून चढणारे आम्ही तिघेच, आणि तिघांसाठी बस परवडत नाही हे साहेबांना इतक्या वर्षांनी सुचलं. कंपनी इथून आठेक किलोमीटर, वाटेत रिक्षा मिळाली तर मिळाली. दादा म्हणतो, नोकरी सोड, वराळ्याचा फ्लॅट भाड्याने दे, वलवणला ये आणि माझे पाहुण्यांचे बंगले सांभाळ. मी म्हटलं, त्यापेक्षा सायकल घेते. एवढ्या एका वाक्यावर वहिनी अशा हसल्या की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. भांडण तिथून सुरू झालं, हे निवाडा करताना ध्यानात ठेवावं.

स्कूटीचं कुणी नाव काढू नये. स्कूटी शिकताना मी दादाच्या बंगल्याचं फाटक आडवं केलं होतं, ते अजून तिरकंच लागतं. मला येणारं वाहन एकच. शाळेत असताना वलवणहून लोणावळ्याला मी रोज सायकलनेच जायचे, आणि तेव्हा कुणी हसत नव्हतं.

बेगडेवाडी स्टेशनजवळ प्रज्ञेश म्हणून एकाचं सायकलचं दुकान आहे. शिकलेला इंजिनिअर, पण सायकलीचं वेड म्हणून दुकान काढलं. मी म्हटलं, कामावर जायला एक सायकल द्या. त्याने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि ब्रेकवर व्याख्यान दिलं. ब्रेक रबराचा घ्यायचा की तबकडीचा, आणि चाकांवर मडगार्ड हवं की नको, हे ठरवून या म्हणाला. मला आलेल्या एकाही स्थळाचा मी इतका विचार केला नव्हता. तुम्हाला यातलं काही कळत असेल तर कळवा. नसेल तरी कळवालच.

आपली,
माधवी

*

वलवण,
१४ जुलै २०२५

माधवीवन्संना नमस्कार.

पत्र मिळालं. ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं. शेजारच्या शालूबाई ऐकायला आल्या. त्या बालवाडीच्या बाई होत्या हे तुम्हाला माहीत आहेच. आता त्या चष्मा लावून माझ्या शेजारी बसतात आणि मी एखादी ओळ गाळली की त्या ओळीवर बोट ठेवतात. तेव्हा तुम्ही माझ्याबद्दल जे लिहिता ते मला माझ्याच तोंडाने गल्लीला ऐकवावं लागतं. सासूबाईंनी शोधून काढलेली शिक्षा चांगली आहे.

ब्रेक कुठले घ्यावेत असा प्रश्न तुम्हाला पडला, याचंच मला नवल वाटलं. जिभेला तर आजवर एकही बसवला नाहीत. तरी विचारलंत म्हणून सांगते. रबराचे घ्या. रबर झिजलं की गावातला कुणीही बदलून देतो. आणि मडगार्ड पत्र्याचं, रुंद, पाठीमागे रबरी पडदा लोंबणारं घ्या. मावळात राहतो आपण, राजस्थानात नाही. सासूबाईंचं मत मी त्यांच्याच शब्दांत देते, "तिला म्हनावं, अंगावर चिखुल उडंल असलं काय बी घिऊ नगं." निवाडा झाला.

वरची खोली तुमच्यासाठी रंगवून झाली. रंग यांनी निवडला. पिकलेल्या भोपळ्याचा आहे. खिडकीतून आपला दुसरा बंगला दिसतो आणि त्याच्या दोरीवरच्या चादरी दिसतात. तुमच्या पदाचं नाव मॅनेजर असणार आहे. काम असं की शुक्रवारी चादरी घालायच्या, सोमवारी काढायच्या आणि मधले दोन दिवस पाहुण्यांना, धरणात उतरू नका, म्हणून सांगायचं. ते ऐकत नाहीत. मी बरीच वर्षं या पदावर आहे, पण मला कुणी मॅनेजर म्हटल्याचं आठवत नाही.

शेवटी एकच. चव्वेचाळिसाव्या वर्षी तुम्ही सायकलवर बसून कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी दाबून बघायला जाणार. मी हसले. त्यात माझं काय चुकलं, हे शालूबाईंनाही सांगता आलं नाही.

आपली,
अनिता

*

वराळे,
१० ऑगस्ट २०२५

सौ. अनितावहिनींना नमस्कार.

सायकल घेतली. तुमचा सल्ला शब्दशः उपयोगी पडला. तुम्ही जे घ्या म्हणालात ते सोडून बाकी सगळं घेतलं.

ब्रेक तबकडीचे घेतले. रबरी ब्रेक चाकाची कड दाबतो, आणि पावसात ती कड ओली असली की आधी नुसती घसरते. इथल्या रस्त्यावर डंपर खडी सांडत जातात, तिचा चुरा त्या रबरात रुतून बसतो तो वेगळाच. तबकडीचा ब्रेक चाकाच्या मधोमध असतो. बशीएवढी पोलादी चकती, तिला दोन बाजूंनी चिमटा बसतो. चिखल तिथवर सहसा पोचत नाही आणि पावसातही सायकल जागच्या जागी उभी राहते. पथ्य एकच. प्रज्ञेशने दम दिल्यासारखं सांगितलं, "मॅडम, तेल फक्त चेनला. तबकडीला तेलाचं बोटसुद्धा लागता कामा नये. चिमट्यातल्या पट्ट्या तेल पितात आणि मग ब्रेक लागतच नाही." आई, हे नीट ऐक, कारण तू दिसेल त्या लोखंडाला तेल लावतेस.

मडगार्ड घेतलं नाही. तो बसवून देत होता, सायकलला तशी भोकंही आहेत. पण इतकी बारीक, देखणी सायकल, तिच्यावर ते मडगार्ड म्हणजे नऊवारीवर रेनकोट. मी नको म्हटलं.

तुम्ही हसलात त्याबद्दल. आमची खोकी दाबून बघितली नाहीत तर त्यातल्या काचेच्या बाटल्या फुटतात. तुमच्या पाहुण्यांकडेही असतात त्या, सोमवारी तुम्हीच गोळा करता.

आपली,
माधवी

*

वलवण,
२२ ऑगस्ट २०२५

माधवीवन्संना नमस्कार.

अभिनंदन. लोणावळ्यात पावसाळ्यात नऊवारीवर रेनकोट घालूनच बायका भाताच्या खाचरात उतरतात. तुम्ही गाव सोडून फार दिवस झाले.

पत्र वाचलं, पण सगळं नाही. ब्रेकचा अख्खा परिच्छेद मी गाळला. सासूबाई पेंगायला लागल्या होत्या, शालूबाई लेकीकडे गेल्या होत्या आणि बशी, चिमटा, पट्ट्या हे ओट्यावर ओरडून सांगायची माझी हिंमत झाली नाही. एकदम मडगार्डवर आले. तेव्हा सासूबाई जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "चाकावर पत्रा न्हाई? मंग ती सायकल उघडीच की."

तुमच्या दादांनी तुमच्या फ्लॅटसाठी एक भाडेकरू बघून ठेवला आहे. दिवाळीनंतर यायला तयार आहे. हे म्हणतात, सायकलीचं खूळ दसऱ्यापर्यंत टिकलं तर बघू. मी म्हटलं, तुमची बहीण आहे, खूळ टिकवण्यात तुमच्याइतकीच पक्की असणार.

दसऱ्याला या. पाळणाघरात मूल ठेवतात तशी सायकल घरी ठेवून येऊ नका, दाखवायला आणा.

आपली,
अनिता

*

वराळे,
२१ सप्टेंबर २०२५

सौ. अनितावहिनींना नमस्कार.

आधी तुमच्या आनंदाची बातमी. मडगार्ड नसल्याने मागचं चाक चिखल थेट माझ्या पाठीवर फेकतं. कमरेपासून मानेपर्यंत एक सरळ पट्टा उठतो. कंपनीच्या फाटकावरचे सखाराम वॉचमन रोज माझी पाठ बघायला खुर्चीवरून उठतात. परवा म्हणाले, "म्याडम, आज पट्टा जरा वाकडा आलाय. वळणावर जोरात व्हता का?" मी दुसरा कुडता पिशवीत नेते आणि पोचल्यावर बदलते. मडगार्ड तरीही घेणार नाही. एवढं ऐकून घेतल्यावर आता घेतलं तर तुम्ही जिंकलात असं होईल.

आता माझ्या आनंदाची. वहिनी, मला हे फार आवडतं. वराळे सोडलं की भात लागतो, आणि पहाटेच्या गार वाऱ्यात मी कुणाची वाट न बघता निघालेली असते. बसची नाही, रिक्षाची नाही, कुणी गाडीत घेईल का याची नाही. कंपनीत पोचते तेव्हा पाय थरथरत असतात आणि मन मात्र अगदी खुशीत असतं. हे दादाला सांगू नका. त्याला वाटेल मी त्याला चिडवायला लिहिलं. ही नोकरी सोडून त्या भोपळी खोलीत बसायचं नाही, एवढं मला पक्कं कळलं आहे.

दसऱ्याला सायकलवरूनच येते. पोळ्या जास्त करा.

आपली,
माधवी

*

वराळे,
९ ऑक्टोबर २०२५

सौ. अनितावहिनींना नमस्कार.

हे पान आईसाठी, मोठ्याने वाचावं.

आई, माझा हात बरा आहे. डाव्या मनगटाचं हाड चिरलं आहे, महिनाभर प्लास्टर राहील. दुखत नाही. (थोडं दुखतं.) दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळे निरोप द्यायला फाटकात उभे होतात, बंगल्यातले पाहुणेही गॅलरीत होते. मी ऐटीत निघाले आणि उताराच्या तळाशी शालूबाईंच्या भातात गेले. बघायला एवढी माणसं होती, पाहुण्यांनी तर शूटिंगही केलं. शालूबाई, तुमचं कणसाला आलेलं भात आडवं झालं, माफ करा.

तू म्हणालीस, "दसऱ्याला पुजल्यालं वाहन दुसऱ्या दिशी पडतं, ते वाहन अवदसा. ते पुन्यांदा घरात नगं." तू रडत होतीस, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. दादाला बोलायला शब्द शोधावेच लागले नाहीत. दिवाळीनंतर सामान न्यायला जीप घेऊन येतो म्हणाला. मी हो म्हटलेलं नाही. पण प्लास्टर घातलेल्या बाईचं नाही कुणी मनावर घेत नाही.

तुझी,
माधवी

(सोबतची चिठ्ठी. ही मोठ्याने वाचू नये. शालूबाईंनीही डोकावू नये.)

वहिनी,

आता तुमच्याशी. येताना दादाने मला आणि सायकलला एकाच जीपमध्ये घातलं. सायकल मी तशीच प्रज्ञेशच्या दुकानात उतरवून घेतली आणि त्याच्यावर तोंड टाकलं, की नव्या सायकलचे ब्रेक उताराला लागलेच नाहीत. त्याने चाकं काढली आणि बराच वेळ बघत बसला. तबकडीवर काहीतरी केशरी होतं, त्याला आधी गंज वाटला. मग त्याने वास घेतला. म्हणाला, "मॅडम, हे गोडंतेल आहे, आणि वर शेंदूर. आमच्या घरी दसऱ्याला वाहनं पुजत नाहीत, त्यामुळे हा आजार मी पहिल्यांदाच बघतोय."

सायकल पुजली तेव्हा मी अंघोळीला होते, पण त्याआधी पूजेचं ताट तुम्हीच घेऊन फिरत होतात, आई पाटावरून हललीही नव्हती. घरातल्या सगळ्यांत एक तुम्हीच अशा, ज्यांना मी लिहून कळवलं होतं की तबकडीला तेल लावू नका. परिच्छेद गाळलात तो तुमच्या वाचण्यातून, डोक्यातूनही गाळलात? मी म्हणत नाही की तुम्ही मुद्दाम केलंत. पण मला पडलेली बघून तुमच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, एवढं मी चिखलातूनही पाहिलं. तुम्हाला बहुतेक हेच हवं होतं. चादरी मोजायला एक बाई मिळाली, तीही बिनपगारी.

माझं एक काम करा. खरं काय झालं ते दादाला सांगा. सायकलचा दोष नाही एवढं कळलं तर माझी नोकरी वाचेल. सांगायचं धैर्य असेल तर.

माधवी

*

वलवण,
१४ ऑक्टोबर २०२५

माधवीवन्संना नमस्कार.

तुमचं पान वाचलं. चिठ्ठी मोठ्याने वाचू नका म्हणालात, पण मी तीही वाचली. सगळी नाही. ओट्यावर हे होते, सासूबाई होत्या, शालूबाई होत्या. तबकडीला तेल लागलं म्हणून ब्रेक लागला नाही, सायकल धडधाकट आहे, इथपर्यंत वाचलं. हे म्हणाले, तेल लावलं कुणी? मी म्हटलं, मी लावलं.

यांनी मग मला पुष्कळ ऐकवलं. बंगल्यातले पाहुणे बाहेर येऊन ऐकत होते. त्यांना आता आमच्याकडे रोज काहीतरी बघायला मिळतं, पुढच्या शनिवारचंही बुकिंग त्यांनी आजच करून टाकलं.

तुम्ही लिहिलं होतं, मी वाचलं होतं, तरीही तेल लागलं. म्हणजे चूक माझीच. तेव्हा तुमचं म्हणणं मान्य. झालं समाधान?

चादरींबद्दल मात्र उत्तर देते. लग्नानंतर मला अंगणवाडीत नोकरी लागत होती, तेव्हा तुमच्या दादांनी पहिला बंगला बांधायला काढला. म्हणाले, घरचं माणूस असलं की बरं पडतं. तेव्हापासून मी घरचं माणूस आहे. तुम्ही इथे आलात तर मला मदत होईल हे खरं. पण सोमवारी दोरीपाशी उभी असताना मला वाटतं, या घरातली एक बाई इथे अडकली तेवढं पुरे. तुम्ही येऊ नका. सायकल दुरुस्त करून घ्या.

आणि चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं म्हणता, ते बरोबर आहे. तुम्हाला स्कूटी शिकताना मी पाहिलेलं आहे.

आपली,
अनिता

*

वलवण,
१७ ऑक्टोबर २०२५

(रतनबाई सांगतात तसं लिहिलं आहे. एक शब्दही बदलायचा नाही अशी मला ताकीद आहे. — शालूबाई)

माधे,

लय लय आशीर्वाद. हात जपून ठिव. धुनं धू नगं.

परवा अनितानं तुजं पत्र वाचलं आन् तुजा दादा सोपान तिच्यावर वरडला. मला काय ऐकू आलं न्हाई. पन तोंडं दिसत्यात. सोपानचं तोंड हलत व्हतं आन् अनिताचं बंद. अनिताचं तोंड बंद म्हंजी घोटाळा हाय, हे म्या तवाच वळखलं. सोपान आत गेल्यावर शालीला इचारलं. तिनं कानात वरडून सांगितलं, अनितानं सायकलीच्या तबकडीला त्याल लावलं म्हून माधी पडली.

आगं, अनितानं कुटं? त्याल म्या लावलं.

दसऱ्याला समदी हत्यारं पुसायची, त्याल लावायचं, मंग शेंदूर. आपली रीत हाय ती. इळा, कोयता, टिकाव, सोपानची जीप, समदं केलं. मंग तुजी सायकल आली. तिला कुंकू लावायला जागा कुटं हाय? दांड्या काठीवानी बारीक. हँडलला चिंधी गुंडाळल्याली. चाकावर पत्रा न्हाई. म्या पाटावर बसल्याली, हात पुरंल तितं चाकाच्या मदी एक तबकडी घावली. चकचकीत. पन कोरडी ठणठणीत. म्या म्हनलं, पोरीनं येवढी सायकल घेतली आन् तिला त्याल बी घातलं न्हाई. म्हून दोनी चाकांच्या तबकड्यांस्नी दोनी अंगानं त्याल चोळलं, वर शेंदूर. अनिता तवा चुलीपाशी पोळ्या करत व्हती. ताट माज्यापाशी ठिवून गेलती. तिला मागनं कळलं आसंल.

आता तुमी दोगी ऐका. तू तिला बोललीस, तिनं मुकाट आइकून घेतलं, का तर म्हातारीला लागंल. व्हय, लागलं. पोटची पोर माज्या हातानं पडली म्हनल्यावर लागनारच. रातच्याला जेवन ग्वाड लागलं न्हाई. पन दुसऱ्या दिशी जेवलेच ना? म्या काय काचंचं भांडं हाय का, का माज्यापासनं लपवून ठिवायला? मला कुनी काय सांगितलं न्हाई, म्हून म्या त्या सायकलीला अवदसा म्हनले. ती बिचारी मुकी. तिनं काय बोलावं?

निवाडा आसा. चूक माजी. सोपाननं अनिताला बोल लावला, त्यानं तिची माफी मागायची. त्यानं मागितली. लोकांम्होरं बोलला व्हता म्हून लोकांम्होरं मागाय लावली, पावन्यांनी त्याचं बी शूटिंग केलं. माधी हितं येनार न्हाई. तिची नोकरी तिला लखलाभ. वरच्या खोलीत सोपाननं भाताची पोती ठिवावी.

आन् भाऊबीजंला सोपाननं तुला वव्हाळणी म्हून चाकांवरलं पत्रं घालायचं. दोनी चाकांचं, चांगलं रुंद. तू नगं म्हनशील. तुजं कुनी ऐकनार न्हाई. पुडल्या दसऱ्याला मला कुंकू लावायला जागा पायजे.

तुजी आई,
रतनबाई

*

वराळे,
३० नोव्हेंबर २०२५

सौ. अनितावहिनींना नमस्कार.

प्लास्टर निघालं. प्रज्ञेशने तबकड्या बदलल्या, पट्ट्या बदलल्या आणि दादाने दिलेली मडगार्डं बसवून दिली. काळी आहेत, रुंद आहेत, मागे रबरी पडदा लोंबतो आहे. दुकानातली सगळ्यांत कुरूप जोडी दादाने नेमकी कशी निवडली, हे मला कळेना. मग प्रज्ञेश म्हणाला, "दादांनी नाही निवडली मॅडम. वहिनींनी फोनवर सांगून ठेवली होती." तुम्ही जिंकलात.

काल पाऊस नव्हता, पण वाटेत टँकर गळत होता आणि रस्ता चांगला राडा झालेला. कंपनीत पोचले. सखाराम उठले, माझ्या मागे गेले आणि परत येऊन खुर्चीत बसले. म्हणाले, "आता आमी दिवसभर बगायचं काय?" पाठ कोरडी होती. मी पिशवीतला दुसरा कुडता न बदलताच कामाला लागले. उतारावर मुद्दाम ब्रेक दाबून बघितला. सायकल जिथल्या तिथे उभी राहिली आणि मला रडू आलं. सांगून टाकते, कारण कुणाला तरी सांगायला हवंच होतं. भाडेकरूला दादाने नकार कळवला. भोपळी खोलीत आता भात आहे, हे भाऊबीजेला मी स्वतः पाहिलं.

भाऊबीजेला तुमच्याशी बोलायचं माझ्या मनात होतं. तुम्ही सारख्या कामात होतात, आणि मी तोंड उघडलं की तुम्ही मला करंज्यांचं ताट पुढे करत होतात. सात खाल्ल्यावर मी नाद सोडला. म्हणून लिहिते आहे.

आईला मी पत्राआधीच शालूबाईंकरवी कळवून ठेवलं आहे की या वेळी एक ओळसुद्धा गळता कामा नये. शालूबाई चष्मा लावून तुमच्या शेजारी बसलेल्या असतील. दादालाही बोलावलं आहे, आणि रविवार असेल तर पाहुणेही गॅलरीत असतील. तेव्हा आता तुमची सुटका नाही. पुढची ओळ मोठ्याने, आईच्या कानाशी वाचायची:

"आईला वाईट वाटू नये म्हणून माझ्या वहिनीने सगळ्यांदेखत चूक आपल्या अंगावर घेतली. मी तिला नको ते बोलले, ते माझं चुकलं. तिच्यासारखी बाई आमच्या घरात आली हे आमचं नशीब."

वाचलंत? आई आता म्हणेल, ऐकू आलं न्हाई. तिला पहिल्या वेळीच ऐकू आलेलं आहे. तरी पुन्हा वाचा.

तुमची,
माधवी